मोतीच्या मागून यावलपर्यंत

घोड्यावर बसून साठ किलोमीटर जायचं, असं सांगितलं की आमच्या स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न येतो, "मग जिंकतं कोण?" मग मी समजावत बसते. ही लांब पल्ल्याची रपेट असते. वेळेच्या आत पोचायचं, पण पोचल्यावर घोडा धडधाकट हवा. मध्ये थांबे असतात. तिथे डॉक्टर घोड्याच्या नाडीचे ठोके मोजतात, त्याला दुडकी चालवून बघतात. तो जरा जरी लंगडला किंवा ठोके खाली आले नाहीत, तर घोडा बाद, आणि त्याच्याबरोबर स्वारही. जो सुखरूप पोचला त्याने रपेट पूर्ण केली. हे सगळं ऐकून आमच्या रसायनशास्त्राच्या बाई एकदा म्हणाल्या, "म्हणजे आपल्या नोकरीसारखंच की."

मी धुळ्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. मूळची देवरूखची. आमच्याकडे घोडा कधी दिसला तर लग्नाच्या वरातीत, तोही कोल्हापुराहून आणलेला. आई गेली त्या हिवाळ्यात मी ओळखीच्या एका कुटुंबाबरोबर तापीकाठच्या घोडेबाजारात सहज म्हणून गेले होते. तिथे तारा दिसली. तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका, कुणी जवळ आलं की मान वळवून घेणारी. भावाला रत्नागिरीला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, "घोडी? अगं, मांजर पाळायचंस." त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघंही हसत होतो. आईच्या जाण्यानंतर आम्ही एकत्र हसलो ते तेव्हाच.

साठ किलोमीटरची रपेट मी दोनदा सुरू केली होती आणि दोन्ही वेळा अर्ध्यावर बाद झाले होते. एकदा तारा लंगडली, एकदा तिचे ठोके उतरेनात. या जानेवारीत यावलजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी रपेट होती. ती पूर्ण झाली की पुढच्या, ऐंशीच्या गटात उतरता आलं असतं. खरं सांगायचं तर मला दुसरं काही नको होतं.

धुळे

रफिकभाई सकाळीच आयशर घेऊन देवपुरात माझ्या दाराशी आले. त्यांचे आजोबा आणि वडील धुळ्यात टांगा चालवायचे. रफिकभाई लग्नाला घोडे देतात आणि माझ्यासारख्यांना बसायला शिकवतात. मी त्यांच्याकडेच शिकले. तरीही आमचं बोलणं घोड्याच्या पलीकडे कधी गेलं नव्हतं. मी त्यांना विचारायची, "टाच खाली ठेवू का?" ते म्हणायचे, "हां मॅडम, आणखी खाली." त्यांचा पांढरा बादल मागे उभा होता. त्याच्या पायाखाली उसाचं पाचट पसरलेलं होतं.

एकट्या घोड्यासाठी वेगळी गाडी करणं बहुतेकांना परवडत नाही. शिवाय घोडा एकटा असला की वाटेत बिथरतो. म्हणून रपेटीला जाणारे लोक गाडी वाटून घेतात, आणि मग ओळख नसलेली माणसंही दिवसभर गुडघ्याला गुडघा लावून बसतात. आधीच्या दोन्ही खेपांना मी नाशिकच्या एका गटाबरोबर गेले होते. ती सगळी मंडळी तिशीच्या आतली होती, स्वतःची गाणी लावणारी. या खेपेला आम्ही तिघं होतो. तिसरे नाना.

सोनगीर

सोनगीरच्या किल्ल्याखाली, गावाबाहेर नानांचा मळा आहे. माझी तारा तिथेच असते. गेली दोन वर्षं मी बहुतेक रविवारी तिथे जाते. नाना सत्तरी ओलांडलेले, काटक, डोक्यावर पांढरी टोपी. तरुणपणी बाजारात घोडे नेणं-आणणं हाच त्यांचा उद्योग होता. त्यांचा मोती काळसर, उतारवयाचा, एखाद्या निवृत्त हेडमास्तरासारखा शांत घोडा आहे.

आम्ही पोचलो तेव्हा नाना मोतीचा खरारा करत होते. मला बघून त्यांनी मान हलवली. तारा गाडीत चढायच्या फळीवर पाय ठेवायलाच तयार नव्हती. रफिकभाईंनी ओढून पाहिलं, मी चुचकारून पाहिलं.

"राहू द्या," नाना म्हणाले. "पह्यले मोतीले चढू द्या, मंग ती यी."

मोती ठकठक करत वर गेला आणि त्याच्यामागून तारा निमूट चढली.

नानांच्या पत्नी, यमुनाअक्का, डबा घेऊन आल्या. त्या रफिकभाईंना बाजूला घेऊन काहीतरी सांगत होत्या. मला फक्त शेवटचं ऐकू आलं, "ध्यान ठेवज्यो, भाऊ." रफिकभाईंनी छातीला हात लावला. मला वाटलं, वयाचं असेल. नानांचा मुलगा पुण्याला असतो. त्याने गाडी चालवायला बंदी केली आहे, हे नाना स्वतःच मला मागे हसत हसत सांगत होते.

केबिनमध्ये मी खिडकीशी, नाना मध्ये. गाडी आग्रा रोडला लागली आणि दोघांच्या अहिराणी गप्पा सुरू झाल्या. अहिराणी मला समजते, पण धावत्या बसच्या पाटीसारखी. अर्धी वाचून होते तोवर ती पुढे गेलेली असते. कुणाची तरी घोडी, कुणाचा तरी नवस, मग दोघंही मांडीवर थाप मारून हसले. नानांनी सौजन्याने माझ्याकडे वळून शुद्ध मराठीत सांगायचा प्रयत्न केला. पण विनोद दुसऱ्यांदा सांगितला की त्यात काही उरत नाही. मी हसले. पुन्हा दोघं आपल्या बोलीत गेले आणि मी खिडकीबाहेर कापसाची रिकामी शेतं बघत राहिले. शिरपूरच्या अलीकडे तापी लागली, रुंद आणि संथ. आमच्याकडच्या नद्या जिन्यावरून उतरल्यासारख्या येतात. ही आडवी पडून असते.

शिरपूरच्या फाट्यावर रफिकभाई चोपड्याकडे वळायला लागले, तेव्हा नाना एकदम पुढे झुकले.

"सरळ ले. बाजार सरळच शे."

"हां नाना," रफिकभाई म्हणाले आणि गाडी वळवली. नाना आपले दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवून रस्त्याकडे बघत राहिले.

चोपडा

चोपड्याच्या बाहेर एका ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. आमच्या कोकणात फरसाणाच्या शेवेची कुणी आमटी करील हे सांगून खरं वाटायचं नाही. आणि केली तरी तिच्यात ओलं खोबरं जाईल. इथे काळा मसाला, वर तेलाचा लाल तवंग आणि वाढायच्या क्षणी मूठभर जाड शेव. खाताना नाक वाहतं, डोळे वाहतात, आणि सगळ्यांचंच वाहत असल्यामुळे कुणाला लाज वाटत नाही. नानांनी मला आपल्या डब्यातली कळण्याची भाकरी दिली. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली, खरपूस.

गाडीत परतलो तर मागून दाणदाण आवाज. एका मालट्रकच्या हॉर्नने बादल घाबरला होता आणि लाथा झाडत होता. त्याला शांत करेपर्यंत तारा घामाने ओली झाली. कुणीतरी मागे थांबायला हवं होतं.

"मी बसते," मी म्हणाले.

दोघांनी नको नको म्हटलं. पण पुढे बसून न कळणाऱ्या विनोदांना हसण्यापेक्षा मला ते बरं वाटत होतं. पेंडीच्या पोत्यावर बसून, पाठ फळीला टेकून मी यावलपर्यंत गेले. रफिकभाईंनी गाडी अगदी हळू घेतली. डाव्या हाताला सातपुडा सगळ्या रस्त्याने बरोबर चालत होता, निळसर, मध्येच सागाच्या वाळक्या पानांनी तपकिरी. उजवीकडे केळीच्या बागा. घडांना निळ्या पिशव्या घातलेल्या. तीन घोडे माझ्या डोक्यावरून एकमेकांच्या मानेला नाक लावत होते. ताराने एकदाच खाली वाकून माझ्या केसांचा वास घेतला आणि पुन्हा मोतीकडे वळली. मला आठवलं, कॉलेजात मी तास संपवून बाहेर पडते तेव्हा मुलं माझ्याकडे बघून उभी राहतात आणि मी पुढे गेले की त्यांचं बोलणं परत सुरू होतं.

यावलजवळ

केळीच्या एका मोठ्या मळ्यात मुक्काम होता. पुण्या-नाशिकचे लोक तंबू, घड्या घालायच्या खुर्च्या, घोड्यांसाठी पंखेसुद्धा घेऊन आलेले. गाडीगाडीने लोक बसले होते. प्रत्येक गटाचं वर्तुळ झालेलं, आणि वर्तुळाच्या बाहेरून पाठीच दिसतात. रफिकभाईंना तिथे ओळखीचे नालबंद भेटले. नाना मोतीजवळच रमले. मी ताराला पाणी पाजलं, चालवून आणलं, पुन्हा पाणी दाखवलं, तिने तोंड फिरवलं.

डॉक्टरांची पहिली तपासणी झाली. आमचे तिन्ही घोडे पास. नानांना टोपी काढून हेल्मेट घालायला सांगितलं, तर त्यांनी ते टोपीवरूनच घातलं आणि पट्टा काही केल्या लागेना. तपासणीवाली डॉक्टर मुलगी हसू दाबत होती. शेवटी टोपी नानांच्या खिशात गेली.

संध्याकाळी मळ्याच्या मालकांनी भरीत केलं. काकडीएवढी लांब, हिरवी-पांढरी वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजतात, सोलून बडग्याने ठेचतात आणि वरून कांद्याची पात, शेंगदाणे, हिरवी मिरची. बायका एका ओळीत बसून सोलत होत्या. मी जवळ जाऊन उभी राहिले. त्यांतल्या एका थोराड बाईंनी वर पाहिलं.

"उभी कामून राह्यली बाई? बस नं. वांगं सोल नं."

इकडची बोली सोनगीरपेक्षा निराळी. शब्दाशब्दाला ते 'नं' लागतं आणि आज्ञासुद्धा आर्जवासारखी वाटते. मी बसले. बोटं पोळली. "फुकर मार नं," त्या म्हणाल्या, आणि माझ्या पुढ्यातलं वांगं काढून स्वतःच सोललं. कुठली, काय करते, विचारलं. मग, "घरी कोन कोन हाये?"

"मीच."

त्यांनी माझ्या पानात भरीत दोनदा वाढलं.

रपेट

उजाडताना निघालो. पहिली फेरी बागांमधून, कालव्याच्या कडेने आणि मग मऊ मातीच्या गाडवाटेने होती. तारा इतकी सुरेख चालत होती की मला भीती वाटावी. नाना आणि रफिकभाई माझ्या मागे, नेहमी जोडीने. मी वळून बघायची तेव्हा बादल मोतीच्या अर्धं शरीर मागे असायचा. हे दोघं मुद्दाम हळू चालले आहेत, असं मला वाटलं होतं. मी त्यांना मागे टाकून थांब्यावर पोचले. ताराला गार पाण्याने भिजवलं. तिचे ठोके भराभर उतरले. डॉक्टर मुलीने अंगठा वर केला.  आता फक्त दुसरी फेरी होती, डोंगराच्या अंगाने.

थोड्या वेळाने ते दोघं आले. रफिकभाई पायी, बादलला हाताने धरून. बादलच्या पुढच्या खुराला दगड लागला होता. दुडकी चालवताच त्याचं डोकं खाली-वर व्हायला लागलं. बाद.

रफिकभाई माझ्याकडे आले. मोतीला पाणी पाजणाऱ्या नानांकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"मॅडम, एक बात सांगू? नानांना सोडू नका. त्यांच्यासंगं राहा."

"का? त्यांना बरं नाही का?"

"तब्येत एकदम चांगली आहे. पण विसरतात. रस्ता विसरतात. कधी माणूसपण. वर्ष झालं. मी नेहमी जोडीला असतो म्हणून कुणाला समजत नाही."

"मग त्यांना इथेच थांबवा ना."

"अक्का म्हणतात, घरात बसले की दिवसभर दार उघडून बाहेर बघतात. घोड्यावर असले की बरोब्बर असतात." ते थांबले. "तुम्हाला पुढे जायचं असेल तर जा. मी त्यांना काहीतरी सांगून थांबवतो. तुमची हक्काची रपेट आहे."

मला राग आला, हे लिहायला हरकत नाही. रफिकभाईंचा, अक्कांचा, बादलच्या खुराला लागलेल्या दगडाचा. तारा कान टवकारून उभी होती, निघायला आतुर. नाना मोतीवर चढलेसुद्धा होते. त्यांनी रिकीब नीट केली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "चला ना मॅडम. ऊन व्हई जाई."

मी म्हणाले, "चला."

बागा संपल्या आणि दगडगोटे सुरू झाले. सालईची उघडी झाडं, अंजन, मधूनच फुलायला निघालेला पळस. झाडांना लाल-पांढऱ्या फिती बांधल्या होत्या, त्या धरून जायचं. नाना चालीने चालले होते. मोती म्हातारा, त्याला खडकावर दुडकी नको. ते बरोबरच होतं. पण मागून येणारे स्वार एकेक करून पुढे जायला लागले. नाशिकची ती मुलंही गेली. "काय मॅडम, आरामात?" एकाने हाक मारली. धूळ बसली आणि आम्ही दोघंच उरलो. नाना बोलत नव्हते. मी काहीतरी विचारायची, ते "हा" म्हणायचे.

एका ओहोळात पाणी होतं. तारा प्यायला थांबली. तहानेल्या घोड्याला या रपेटीत कधी घाईने ओढून काढत नाहीत, म्हणून मी लगाम सैल सोडून वाट बघत राहिले. मोती प्यायला नाही, तो पलीकडे चढून गेला. मी वर पाहिलं तेव्हा नाना नव्हते.

पुढे फिती लावलेली वाट उजवीकडे वळत होती. मी घोडी पळवत त्या वाटेने गेले. कुणी नाही. हाका मारल्या. फोनला रेंज नव्हती. खडकावर खुरांचे ठसे उमटत नाहीत. पुढे जावं तर ते मागे असतील, मागे जावं तर पुढे. डोंगरात माझा आवाज इतका लहान येत होता की दुसऱ्याच कुणाचा वाटावा. माणूस हरवला तर कुणाला काय सांगायचं, अक्कांना कोणत्या तोंडाने सामोरं जायचं, हे सगळं एकदम डोक्यात आलं.

तेवढ्यात तारा खिंकाळली. लांबून, डावीकडच्या दरीतून, मोतीचं उत्तर आलं.

मी लगाम सोडून दिला. तारा फिती नसलेल्या उतारावर स्वतःच वळली, करवंदीच्या जाळ्या चुकवत. खाली कोरड्या नाल्यात एक जुनं अर्जुनाचं झाड होतं. त्याच्या सावलीत नाना एका दगडावर बसले होते. मोतीच्या पोटाखालचा, खोगिराचा तंग त्यांनी सैल केला होता, लगाम नीट गाठ मारून फांदीला अडकवला होता. हेल्मेट बाजूला आणि डोक्यावर टोपी.

मला बघून ते उठले.

"शांते, कवढा येळ लाई राहिनी वं?" त्यांचा आवाज वेगळा होता, मोकळा, तरुण. "माय वाट देखी राहिनी घर."

मी खाली उतरले. "नाना, मी आहे. कॉलेजची मॅडम. आपल्याला रपेट पूर्ण करायची आहे. चला."

ते माझ्याकडे बघत राहिले, जसं मी त्यांच्याकडे केबिनमध्ये बघत होते, शब्द न कळल्यासारखं. मी पुन्हा सांगितलं. त्यांचा चेहरा आक्रसायला लागला. त्यांनी मोतीच्या आयाळीत हात घातला आणि भोवताली पाहिलं, झाडाकडे, उतारावर, माझ्या मागे. ते घाबरले होते.

मला अहिराणी बोलता येत नाही. धुळ्यातल्या अकरा वर्षांत कुणाशी बोलायची वेळच आली नव्हती. तरी मी म्हणाले, "भाऊ, चाल. घर जाऊत."

"चाल ना मंग," ते म्हणाले. चेहरा सैल झाला. त्यांनी आधी माझ्या घोडीचा तंग तपासला, मग मोतीचा आवळला, आणि तोल न जाता वर चढले.

आम्ही ओहोळापर्यंत परत आलो आणि फितींची वाट धरली. या वेळी मी त्यांच्या बाजूला, रिकिबीला रिकीब लागेल इतकी जवळ चालत होते. ते बोलत होते. वडिलांनी रंगवलेल्या बैलांच्या शिंगांबद्दल, विहिरीत पडलेल्या एका कोकराबद्दल. शांता खूप हसायची असावी, कारण एकेक गोष्ट संपली की ते माझ्याकडे बघून थांबायचे. मग मी हसायची. मी तिथे होते आणि नव्हतेही. त्यांच्याशेजारी एक आवडती बहीण चालली होती आणि तिची जागा चुकून मला मिळाली होती.

 मग त्यांनी विचारलं, "तुले तठे करमस का?"

सासरी करमतं का, असं त्यांना विचारायचं होतं. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेऊ शकले असते. पण देवरूख सोडून आल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. भावानेही नाही. पगार, बदली, घोडी, सगळं विचारलं होतं, हे नाही. 

"नही करमत, भाऊ."

ते मोतीच्या मानेवरचा घाम तळव्याने निपटत राहिले.

"करमी जाई," शेवटी ते म्हणाले. "आते नवं शे म्हनून. करमी जाई."

मी तोंड फिरवून सातपुड्याकडे बघत राहिले. नानांनी आपला घोडा थोडा मागे घेतला, माझं रडणं बघू नये म्हणून, असं मला वाटलं.

मळ्यात पोचलो तेव्हा शेवटच्या कमानीचा कापडी फलक लोक उतरवत होते. वेळ टळून गेली होती. डॉक्टर मुलीने तरीही दोन्ही घोड्यांना नळी लावली. "दोघंही ठणठणीत," ती म्हणाली. "पण मॅडम, वेळ..." मी मान हलवली. रफिकभाई धावत आले, मोतीचा लगाम धरला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांखाली धूळ ओली झालेली होती.

नाना खाली उतरले. पाणी प्यायले. पाच-दहा मिनिटांत ते परत आपले झाले. "मॅडम, तुमनी घोडी चांगली चालनी," मला म्हणाले, आणि खिशातली टोपी शोधायला लागले. ती डोक्यावरच होती.

परत सोनगीर

परतीच्या वाटेवर रफिकभाई गाडी चालवत होते, नाना झोपले होते, त्यांचं डोकं कधी रफिकभाईंच्या तर कधी माझ्या खांद्यावर येत होतं. मी खांदा हलवला नाही. किनगाव गेलं, अडावद गेलं. चोपड्याला चहासाठीही थांबलो नाही.

मळ्यात उतरल्यावर पुन्हा मोती आधी, तारा मागून. मी तिचे पाय धुतले, चारा टाकला. ओसरीवर आले तर नाना खाटेवर बसलेले. माझ्याकडे बघून त्यांनी आदराने पाय खाली घेतले.

"या बाई. कोनाकडे उनात तुम्ही?"

यमुनाअक्का दारात होत्या.  मी म्हणाले, "तुमच्याकडेच आले, नाना."

"मंग बठा ना. च्या पिऊन जा."

आत चुलीपाशी अक्कांना मी नाल्यातली हकिकत सांगितली, शेवटचा प्रश्न सोडून. त्या चहा गाळत ऐकत होत्या. शांता म्हणजे नानांची पाठची बहीण, त्यांनी सांगितलं. तिला किनगावकडे दिलं होतं. लग्नानंतर वर्ष-दीड वर्षात, पहिल्याच बाळंतपणात ती गेली. "तो किनगावना रस्ता यासनी परत धरा नव्हता कधी," त्या म्हणाल्या. "आते घोडासकरता धरा, येवढाच."

त्या रपेटीला आता काही महिने झाले. ऐंशीच्या गटात मी अजून नाही. पुढची रपेट केव्हा आहे तेही मी पाहिलेलं नाही. रविवारी मात्र सोनगीरला जाते. रफिकभाईसुद्धा जमेल तेव्हा येतात, कधी त्यांची मुलगीही असते. आम्ही किल्ल्याच्या पायथ्याने मोती आणि ताराला एक मोठा वळसा घालून आणतो. नाना रस्ता धरून चालतात, टाच खाली, पाठ ताठ. वाटेत कधीतरी ते माझ्याकडे वळतात आणि, रीतीप्रमाणे, पाहुणीला विचारावं तसं नाव विचारतात.

"वैशाली," मी सांगते.

"चांगलं नाव शे. वैशाखमा जलम शे का तुमना?"

माझा जन्म भर पावसातला, आषाढातला. मी दर वेळी हो म्हणते. मग ते वैशाखातल्या उन्हाबद्दल बोलायला लागतात आणि आम्ही पुढे चालतो.